‘कौशल्या’चा उपदेश आणि कामगारवर्गाची एकजूट

२०२५ सालच्या जुलै महिन्यात देशातील सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने आपल्या नोकरवर्गापैकी सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या वर, कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. कंपनीला ‘भविष्यासाठी सज्ज’ करावयाचे आहे, असे कारण देण्यात आले. लगेच ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या सरकारने भारतीय मालावर टप्प्याटप्प्याने ५० टक्क्यांपर्यंत जकात चढविली आणि तिरुपूरच्या होजिअरी कारखान्यांपासून सुरतेच्या हिरे-कारखान्यांपर्यंत, परदेशी मागणीवर जगणाऱ्या सर्व धंद्यांत धास्ती पसरली. एक आघात तंत्राच्या नावाने आला, दुसरा व्यापाराच्या. एक पडला पदवीधर अभियंत्यावर, दुसरा शिलाई मशीनवर बसणाऱ्या मुलीवर. परंतु भांडवलदारी वृत्तपत्रांनी आणि सरकारी प्रवक्त्यांनी दोघांनाही एकच उपदेश केला : ‘कौशल्य वाढवा.’

या उपदेशाचा वर्गीय अर्थ नीट समजून घेणे आज अत्यंत निकडीचे झाले आहे. कारण तो वरवर निरुपद्रवी, किंबहुना हितकारक वाटतो. शिक्षणाला आणि कसबाला कामगारवर्गाचा विरोध कधीच नव्हता. परंतु बेकारीचे कारण कामगाराच्या अंगच्या उणिवेत शोधावयाचे आणि उत्पादनाची साधने ज्यांच्या मालकीची आहेत त्यांना प्रश्नाच्या बाहेर ठेवावयाचे, हा या उपदेशाचा खरा गाभा आहे. शिवाय कुशल आणि अकुशल, कायम आणि कंत्राटी अशी कामगारांची विभागणी पक्की करून त्यांना परस्परांपासून तोडण्याचे कामही तो करतो.

पाठ्यपुस्तकातील व्यापार आणि वास्तवातील व्यापार

१९४१ साली स्टॉल्पर आणि सॅम्युएलसन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी एक सिद्धांत मांडला. त्याचा सारांश असा की, ज्या देशात जो उत्पादनघटक विपुल असतो त्याचा मोबदला खुल्या व्यापाराने वाढतो. भारतासारख्या देशात अल्पशिक्षित श्रमशक्ती विपुल. तेव्हा व्यापार खुला झाला की तिचीच मजुरी प्रथम वाढेल आणि कुशल-अकुशल यांच्यातील दरी कमी होईल, असा निष्कर्ष त्यावरून काढण्यात आला. १९९१ च्या ‘आर्थिक सुधारणां’चे समर्थन करताना हेच आश्वासन निरनिराळ्या शब्दांत देण्यात आले होते.

तीन दशकांहून अधिक काळाचा अनुभव काय सांगतो? सरकारच्याच वार्षिक औद्योगिक पाहणीचे आकडे बोलके आहेत. संघटित कारखानदारीत निर्माण होणाऱ्या निव्वळ मूल्यवृद्धीत मजुरीचा वाटा १९८० च्या दशकाच्या आरंभी जवळजवळ ३० टक्के होता. २००० च्या दशकाच्या अखेरीस तो १०-१२ टक्क्यांच्या आसपास घसरला आणि पूर्वीच्या पातळीच्या जवळपासही तो पुन्हा पोहोचलेला नाही. शतकाच्या वळणावर याच कारखान्यांतील सुमारे पाचवा हिस्सा कामगार कंत्राटी होते. २०२२-२३ मध्ये हे प्रमाण ४० टक्क्यांवर गेले. म्हणजे व्यापार वाढला, यंत्रे आली, उत्पादन वाढले. आणि ज्याला सर्वाधिक लाभ व्हावयाचा होता त्याच कामगाराचा वाटा घटला.

सिद्धांत चुकला कोठे? तो भांडवलाला एका जागी बसलेले समजतो आणि दोन्ही देशांत तंत्र सारखेच आहे असे गृहीत धरतो. वास्तवात व्यापाराबरोबर यंत्रही सीमा ओलांडून येते. परदेशी खरेदीदार मालाच्या दर्जाची अट घालतो, त्या अटीसाठी नवे यंत्र घ्यावे लागते आणि नव्या यंत्रावर कमी माणसे लागतात. तिरुपूरमधील मजुरी परवडेनाशी झाली की तोच खरेदीदार ढाक्याला जातो. आणि या सर्वांच्या पाठीशी खेड्यातून हुसकावलेल्या बेकारांची अफाट राखीव सेना उभी असते. ती असेतोवर श्रमाच्या विपुलतेचा लाभ श्रमिकाला न होता श्रम विकत घेणाऱ्यालाच होतो.

तयार कपड्यांच्या निर्यातीने तिरुपूर, बंगळूर येथे आणि शेजारच्या बांगलादेशात लाखो स्त्रियांना प्रथमच पगारी काम मिळाले, हे आम्ही नाकारीत नाही. ही ऐतिहासिक प्रगतीच आहे. परंतु ते काम कोणत्या स्वरूपात मिळाले? पूर्वीचा शिंपी माप घेण्यापासून काज-बटणापर्यंत संपूर्ण सदरा शिवीत असे. कारखान्यात त्याच सदऱ्याचे डझनावारी तुकडे झाले. एक स्त्री दिवसभर फक्त कॉलर बसविते, दुसरी फक्त बाही जोडते. शिंप्याचे कसब मोडून ते व्यवस्थापकाच्या तक्त्यात नेऊन ठेवले आणि मग त्या स्त्रीला ‘अकुशल’ अथवा ‘अर्धकुशल’ ठरवून किमान वेतनाच्या खालच्या पायरीवर बसविण्यात आले. तामिळनाडूच्या सूतगिरण्यांत ‘सुमंगली’च्या नावाने कोवळ्या मुलींना तीन-तीन वर्षे राबविण्यात आले, हुंड्यासाठी लागणारी रक्कम मुदतीच्या अखेरीस एकगठ्ठा देण्याचे आमिष दाखविण्यात आले. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळील राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११०० हून अधिक कामगार ठार झाले. आदल्याच दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसत होते. तरीही कामगारांना आत पाठविण्यात आले. जागतिक व्यापाराच्या साखळीत तळाच्या कामगाराच्या जिवाची किंमत किती, याचा हा पुरावा आहे.

कसब कोणाचे आणि दर्जा कोण ठरवितो?

‘कौशल्य’ ही जणू निसर्गदत्त, मोजून देता येणारी वस्तू आहे असे मानले जाते. मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास या समजुतीला छेद देतो.

तेथे कापडखात्यातील साचेवाला हा वरच्या पायरीवरचा कुशल कामगार. त्याची कमाई सूतखात्यातील कामगारापेक्षा अधिक. परंतु या खात्याचे दार दलित कामगारांना बंद होते. कांडी बदलताना धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि दलिताने तोंड लावलेला धोटा सवर्ण विणकर हाती घेण्यास तयार नसे. यास्तव दलित कामगार कमी मजुरीच्या सूतखात्यात अडकून पडला आणि ‘त्याला विणकाम येत नाही’ असे पुन्हा त्यालाच ऐकविण्यात आले. १९२८-२९ च्या संपांच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न चळवळीपुढे स्पष्टपणे ठेवला होता. या प्रश्नावर जितक्या ठामपणे उभे राहावयास हवे होते तितक्या ठामपणे कामगार चळवळ उभी राहिली नाही, हे आत्मपरीक्षण आपण केले पाहिजे.

स्त्री कामगारांचीही कथा निराळी नाही. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या. सूत गुंडाळण्याच्या खात्यांत त्यांची बोटे सराईत होती. पुढे शीघ्रगती यंत्रे आली, ती रात्रपाळीतही चालविणे मालकांना फायद्याचे वाटू लागले आणि स्त्रियांना रात्रपाळीस कायद्याने बंदी होती. यंत्र आले त्या दिवशी काम ‘पुरुषाचे’ आणि ‘कुशल’ ठरले. १९८० पर्यंत गिरण्यांतील स्त्रियांची संख्या नगण्य उरली होती. बोटांतील कसब तेच होते. बदलला तो केवळ मालकाचा हिशेब.

आणि ज्यांच्या कसबाविषयी वादच नाही त्यांची स्थिती काय? पैठणी, बनारसी, पोचमपल्ली विणणाऱ्या हातांची थोरवी सांगण्यात सरकारी जाहिराती कधीच कमी पडत नाहीत. २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेत ३५ लाखांवर हातमाग कामगारांची नोंद झाली. त्यांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे ७२ टक्के आहे. त्याच गणनेनुसार सुमारे दोन-तृतीयांश विणकर कुटुंबांचे मासिक उत्पन्न ५ हजार रुपयांहून कमी होते. पिढ्यान्‌पिढ्या घडलेले हे कसब जर पोट भरीत नसेल, तर ‘कौशल्य वाढवा’ म्हणणाऱ्यांनी या विणकराने आणखी काय शिकावयाचे राहिले आहे ते सांगावे. मजुरी केवळ कसबाने ठरत नाही. ती संघटित शक्तीने, कायद्याच्या संरक्षणाने आणि दोन वर्गांच्या बलाबलाने ठरते.

१९८२ : यंत्र पुढे गेले नाही, मागे गेले

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला. या संपाविषयी एक दंतकथा आज रूढ झाली आहे : गिरण्या जुनाट झाल्या होत्या, नव्या तंत्रापुढे त्या टिकल्या नाहीत आणि कामगारांच्या हट्टाने त्यांचा अंत ओढवला.

वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. गिरण्या थांबल्या तेव्हा त्यांचे कापड कोठे विणले जाऊ लागले? भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सुरत येथील यंत्रमागांवर. ते माग गिरणीतील मागांहून नवे नव्हते. त्यांतील कित्येक गिरण्यांनीच भंगारात विकलेले जुने साचे होते. म्हणजे काम पुढारलेल्या यंत्राकडे न जाता, जुन्या यंत्राकडे आणि बारा तासांच्या पाळीकडे गेले. जेथे हजेरीपट नाही, प्रॉव्हिडंट फंड नाही, युनियन नाही, तेथे गेले. कामगाराला तंत्राने हरविले नाही. हक्कांचे संरक्षण असलेल्या कामगाराच्या जागी हक्क नसलेला कामगार आणून बसविण्यात आला आणि त्यालाच ‘आधुनिकीकरण’ हे नाव देण्यात आले. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने या क्रियेवर शिक्कामोर्तब केले. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने आणि २००१ च्या दुरुस्तीने गिरण्यांच्या जमिनी विक्रीस मोकळ्या केल्या; कापडापेक्षा जमीन अधिक नफ्याची ठरली.

मुंबईबाहेरच्या मराठी कामगारांनाही हा अनुभव अपरिचित नाही. नागपूरची एम्प्रेस मिल गेली. इंदूरच्या हुकुमचंद मिलमधील ४,८०० च्या आसपास कामगारांची १९९२ पासून थकलेली देणी चुकती करण्यासाठी २२४ कोटी रुपयांचा धनादेश निघाला तो २०२३ च्या डिसेंबरात. तीन दशकांनी! तोवर कित्येक कामगार ती रक्कम हाती घेण्यासाठी हयात राहिले नव्हते.

आज यंत्रमागाची पाळी

ज्या यंत्रमागाने गिरणीचे काम घेतले, त्याच्याच दारात आज नवे यंत्र उभे आहे. साधा यंत्रमाग मिनिटाला शंभर-दीडशे वेळा धोटा फेकतो. हवेच्या झोताने आडवा धागा नेणारा विनाधोटा माग त्याच्या कित्येक पट वेगाने चालतो. कापडाचा दर्जा त्यावर निःसंशय सुधारतो. परंतु मागाभोवती उभी असलेली कामाची सारी उतरंड त्यामुळे हलते.

प्रथम जातो कांडी भरणारा, कारण विनाधोटा मागाला कांडी लागत नाही. धागा थेट कोनवरून ओढला जातो. हा सर्वांत कमी मजुरीचा, बहुधा स्त्रीचा अथवा नवख्या पोराचा रोजगार. त्यानंतर वहिफणी कामगार. ताण्याचा एकेक धागा वहीतून आणि फणीतून ओवण्याचे त्याचे काम डोळ्यांची व बोटांची परीक्षा पाहणारे. परंतु जुन्या ताण्याला नवा ताणा जोडणाऱ्या गाठ-यंत्राने त्याचे बरेचसे काम हिरावले आहे. मग विणकर : तो राहतो, पण थोड्या संख्येने आणि अधिक मागांवर. जॉबर राहतो तो फक्त इलेक्ट्रॉनिक दुरुस्ती शिकलेला. पाना फिरवून आवाजावरून मागाचे दुखणे ओळखणाऱ्या जुन्या जॉबरची विद्या निकामी ठरते. आणि चार-सहा मागांचा मालक म्हणविणारा, प्रत्यक्षात व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने विणणारा खर्चीवाला माग भंगारात काढून दुसऱ्याच्या शेडमध्ये कामाला लागतो.

या बदलात शासनाची भूमिका काय? १ एप्रिल १९९९ पासून तंत्रज्ञान सुधारणा निधी योजनेखाली नव्या यंत्रांच्या कर्जावरील व्याजाचा भार सरकारने उचलला. यंत्र घेणाऱ्याला सार्वजनिक तिजोरीतून साह्य मिळाले. यंत्राने ज्याचे काम गेले त्या कांडीवाल्याला, वहिफणी कामगाराला काय मिळाले? २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आणलेल्या श्रमसंहितांनी याचे उत्तर दिले आहे. औद्योगिक संबंध संहितेत ‘पुनर्कौशल्य निधी’ आहे. कपात झालेल्या कामगारामागे मालकाने पंधरा दिवसांचा पगार त्यात भरावयाचा. वीस वर्षे एका कामात झिजलेल्या माणसाने नवे कसब शिकावे ते या पंधरा दिवसांच्या पगारावर! आणि त्याच संहितेने सरकारी परवानगीविना कामगार कपात करण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेऊन ठेवली आहे. यंत्रमागाच्या कारखान्यांत तर इतके कामगार हजेरीपटावर कधीच नसतात.

यंत्राला विरोध नव्हे

आपली भूमिका या ठिकाणी निःसंदिग्ध असली पाहिजे. यंत्र हे मानवी श्रमाचेच फळ आहे. श्रमाचे कष्ट कमी करण्याची शक्ती त्यात आहे. विरोध यंत्राला नसून त्याच्या भांडवली उपयोगाला आहे, हा भेद मार्क्सने स्पष्ट करून ठेवला आहे. रिकार्डोसारख्या भांडवलदारी अर्थशास्त्रज्ञालाही १८२१ साली आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत यंत्रांवर स्वतंत्र प्रकरण घालून यंत्राने कामगारवर्गाचे नुकसान होऊ शकते हे मान्य करावे लागले होते. त्या सुमारास इंग्लंडमध्ये दोन लाखांहून अधिक हातमाग विणकर होते. चाळीस वर्षांत ते काही हजारांवर आले. ‘दीर्घकाळात सर्वांचे भले होते’ असे म्हणणारे त्या चाळीस वर्षांत उपासमारीत संपलेल्या पिढीचा हिशेब मांडीत नाहीत.

आपल्या चळवळीची परंपराही आंधळ्या विरोधाची नाही. १९२८ साली मुंबईच्या सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी सहा महिने संप लढविला. दोन साच्यांऐवजी तीन साचे चालवा, एकाऐवजी दोन बाजू सांभाळा आणि उरलेल्यांना घरी पाठवा, या ‘कार्यक्षमते’च्या योजनेविरुद्ध तो लढा होता. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत मालक, सरकार आणि कामगार संघटना या तिन्ही पक्षांनी तत्त्वे मान्य केली : सुसूत्रीकरणामुळे असलेल्या कामगाराची कपात होणार नाही, त्याची कमाई घटणार नाही, लाभात त्याला न्याय्य वाटा मिळेल आणि कामाचा बोजा आधी शास्त्रीय पद्धतीने मोजला जाईल. ही तत्त्वे आजही पुरेशी स्पष्ट आहेत. ती ज्यांनी मान्य केली त्यांनीच ती गुंडाळून ठेवली.

काही प्रसंगी आपल्याही कामात उणिवा राहिल्या आहेत. कायम कामगाराची युनियन बलवान असताना बदली व कंत्राटी कामगाराचा प्रश्न मागण्यांच्या यादीत तळाला राहिला. बँकेतील, विमा कचेरीतील सुशिक्षित कर्मचाऱ्याने यंत्रमागावरच्या मजुराचा लढा आपला मानला नाही. मजुरालाही कचेरीतल्या संगणकाशी आपला संबंध दिसला नाही. आज सॉफ्टवेअर कंपनीतील अभियंता नोकरी गमावून बसतो, तेव्हा त्याला कळते की पदवीने तो कामगारवर्गाबाहेर गेलेला नव्हता. हीच वेळ त्याच्याकडे जाण्याची आहे. उपहासाने नव्हे, साथी म्हणून.

शेतकऱ्याचेही तसेच. अमेरिकी जकातीचे निमित्त सांगून २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क स्थगित केले आणि नंतर ही सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढविली. विदर्भ, मराठवाडा, तेलंगण, गुजरात येथील कापूस बाजारात येण्याचा हाच काळ. निर्यातदाराची झळ कमी करण्यासाठी ती कापूस उत्पादकाच्या माथी मारण्यात आली. याच मार्गाने उद्ध्वस्त झालेला शेतकरी उद्या सुरत-भिवंडीच्या नाक्यावर कमी मजुरीत काम मागत उभा राहतो. कामगार-शेतकरी ऐक्य ही केवळ व्यासपीठावरील घोषणा नाही. मजुरीच्या दराचा तो रोजचा प्रश्न आहे.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. नवे यंत्र बसविण्यापूर्वी कामगार संघटनेशी करार सक्तीचा हवा. सार्वजनिक पैशातून यंत्राला साह्य दिले जाते तेथे रोजगार टिकविण्याची अट हवी. यंत्राने वाचलेले तास मालकाच्या नफ्यात न जाता पाळी लहान करण्यासाठी वापरले पाहिजेत. बारा तासांची पाळी ठेवून विनाधोटा माग आणणे ही आधुनिकता नव्हे. नवे शिक्षण कामाच्या वेळात, पूर्ण पगारी आणि जुन्याच कामगाराला प्रथम मिळाले पाहिजे. स्त्रिया आणि दलित यांना नव्या खात्यांतून वगळण्याचा जुना डाव पुन्हा खेळू देता कामा नये. कंत्राटी कामगाराला समान कामासाठी समान वेतन हवे. व्यापारी करारांच्या वाटाघाटी बंद दाराआड न करता संसदेपुढे आणि श्रमिकांच्या संघटनांपुढे आणल्या पाहिजेत.

आणि या मागण्यांच्या आधी एक काम आहे, जे सरकारकडे मागावयाचे नसून आपणच करावयाचे आहे. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील एका कारखान्याची, एका शेडची, एका कचेरीची उतरंड तळापासून वरपर्यंत माहीत करून घ्यावी : गेल्या दहा वर्षांत कोणते काम गेले, कोणाचे गेले, ते आता कोठे आहेत. ज्या युनियनच्या सभासद-यादीत सर्वांत खालच्या पायरीवरचा माणूस नाही, ती युनियन वरच्या पायरीवरच्यालाही फार काळ वाचवू शकत नाही. १९८२ नंतरच्या चार दशकांनी हा धडा फार मोठी किंमत घेऊन शिकविला आहे. कांडीवाल्यापासून अभियंत्यापर्यंत सर्वांना एका फळीत आणणे, हेच ‘कौशल्या’च्या उपदेशाला कामगारवर्गाचे उत्तर होय.